ओढ्याच्या वरच्या अंगाला

आम्ही परभणीकडचे. नवऱ्याला हिंजवडीतल्या एका कंपनीत कॉम्प्युटरच्या जोडण्या सांभाळायची नोकरी लागली, आणि दोन हजार साली, लग्नाला वर्षही झालं नव्हतं तेव्हा, आम्ही दोन ट्रंका, एक स्टोव्ह आणि गादीची वळकटी घेऊन तिथून जवळच, चांदे गावाच्या अलीकडच्या एका गावात राहायला आलो. माहेरी सगळ्यांना 'पुण्याला चाललो' असं सांगून झालं होतं. सहा सीटर रिक्षातून उतरून पाहते तर समोर भाताची खाचरं, त्यांच्या पलीकडं ओढा आणि अलीकडं शेणानं सारवलेली अंगणं.

"पुणं कुठंय?" मी विचारलं.

नवऱ्यानं हवेत कुठंतरी हात केला. "तिकडं. येईल इकडंच हळूहळू."

एका शेतकरी जोडप्यानं घरामागं चार पत्र्याच्या खोल्या बांधल्या होत्या. त्यांतली कडेची आम्हाला मिळाली. घरमालकिणीला सगळे भाडेकरू मावशी म्हणायचे आणि त्यांच्या नवऱ्याला बाबा, म्हणून आम्हीही तेच म्हणायला लागलो. मावशी उंच, हाडापेराच्या, बोलायला सरळ. पहिल्याच दिवशी त्यांनी दारात उभं राहून विचारलं, "कुटल्या गावच्या तुमी?"

"परभणीची."

"लई लांबच्या की गं. आई-बाप येत्यात का भेटाया?"

"येतील ना."

"येतील म्हंजी न्हाईत येत," असं म्हणून त्यांनी उंबऱ्यावर पाण्याची कळशी ठेवली आणि निघून गेल्या. मला त्यांचा राग आला होता. पण त्या म्हणाल्या तसंच झालं. परभणीची गाडी म्हणजे रात्रभराचा प्रवास, पुढं दोन ठिकाणी वाहन बदलायचं. वडील वर्षभरात एकदा येऊन गेले, आई आलीच नाही.

नवरा सकाळी कंपनीच्या गाडीनं जायचा तो अंधार पडल्यावर परत यायचा. मी दिवसभर एकटी. खोलीत बसून कंटाळा आला की मावशींच्या मागं खाचरावर जायची. आमच्याकडं ज्वारी, तूर, कापूस. चिखलात उभं राहून करायची शेती मी कधी पाहिली नव्हती. पहिल्या वर्षी लावणीला उतरले तर पाय रुतून बसला आणि चप्पल आतच राहिली. मावशी कमरेतून वाकलेल्या तशाच हसल्या. बाबा बांधावरून म्हणाले, "ऱ्हाऊ दे, तिला सवय न्हाई." मी वर आले नाही. संध्याकाळी कंबर धरून घरी गेले आणि ताटात मावशींनी पाठवलेली तांदळाची भाकरी होती. त्यानंतर आमचं देणं-घेणं सुरू झालं. मी ज्वारीची भाकरी द्यायची, त्या तांदळाची. माझी भाकरी त्यांना जाड वाटायची आणि त्यांची मला चवीला फिकी. दोघी तसं बोलून दाखवायचो आणि खायचो.

दुसऱ्या वर्षी मला दिवस गेले. पहिलं बाळंतपण माहेरी करायचं म्हणून आठव्या महिन्यात जायचं ठरलं होतं, पण सातव्यातच माझ्या पोटात दुखायला लागलं. मावशींनी गावातल्या एकाची जीप काढायला लावली आणि माझं डोकं मांडीवर घेऊन त्या शहरातल्या दवाखान्यापर्यंत आल्या. मुलगी झाली. तळहातावर मावेल एवढी. तिला काचेच्या पेटीत ठेवलं होतं. मी रोज सकाळ-संध्याकाळ भिंतीला धरत पेटीपर्यंत जायची. तिचे केस दाट होते, आणि हात झोपेतही मुठीसारखे घट्ट मिटलेले. बारसं व्हायच्या आधीच ती गेली. तिचं नाव ठेवायचं राहून गेलं. आम्ही ठरवलंही नव्हतं, कारण आत्यानं नाव ठेवायचं असतं आणि आत्या परभणीला होती.

त्याच दुपारी मला घरी सोडलं. नवऱ्यानं एसटीडीवरून परभणीला फोन केला, तेव्हा सासरे म्हणाले, इकडं आणू नका, एवढा प्रवास करून काय करणार, तिथंच काय ते करा. म्हणजे कुठं, हे त्यांनीही सांगितलं नाही आणि नवऱ्यानंही विचारलं नाही. आम्ही रिक्षा केली. बाळ माझ्या मांडीवर, माझ्याच जुन्या लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळलेलं. रिक्षावाल्याला आम्ही काही सांगितलं नव्हतं. रस्ता खराब होता आणि गचका बसला की माझा हात आपोआप तिच्या मानेखाली जायचा. रिक्षावाला मागं वळून म्हणाला, "ताई, हळू घेतो, बाळ हाय ना." नवऱ्यानं तोंड बाहेर केलं ते घर येईपर्यंत आत वळवलं नाही.

मावशी अंगणात तांदूळ पाखडत होत्या. माझ्याकडं पाहिलं आणि सूप खाली ठेवलं. लुगड्याचं टोक बाजूला करून एकदा तोंड पाहिलं, बाळाच्या कपाळाला बोट लावलं आणि आत बाबांना हाक मारली. बाबा बाहेर आले. नवरा त्यांच्यासमोर नुसता उभा होता. अखेरीस म्हणाला, "बाबा, आमची इथं काहीच जागा नाही."

बाबा म्हणाले, "आमची हाय की. ओढ्याच्या वरच्या अंगाला. चला."

"गावातलं कुणी काही म्हणेल?"

"कोन म्हनतंय? माजी दोन हायेत तितं."

आम्हाला ते माहीत नव्हतं. मावशी-बाबांना एकच मुलगा, तेव्हा तो वीस-बावीसचा होता. त्याच्या आधीची दोन गेलेली, हे इतक्या दिवसांत त्यांनी कधी बोलून दाखवलं नव्हतं. बाबांनी कुदळ घेतली. मावशींनी घरातलं सगळं खडेमीठ एका फडक्यात बांधून दिलं. बायकांनी जायचं नसतं, म्हणून मी खोलीत बसून राहिले. मावशी माझ्याशेजारी भिंतीला टेकून बसल्या होत्या. बऱ्याच वेळानं त्या म्हणाल्या, "तितं सावली हाय. करंजाचं झाड हाय मोठं." मी तोवर रडले नव्हते. ते ऐकून रडू फुटलं.

तिसऱ्या दिवशी दूध साचून माझी छाती दुखायला लागली. काय करायचं मला समजेना. मावशींनी दार लावलं, जुनं धोतर फाडून माझ्या छातीवर घट्ट पट्टा बांधला आणि बांधताना स्वतःशीच बोलावं तसं म्हणाल्या, "आटंल. माजं बी आटलं हुतं. लई दुकतंया, पर आटतं." माझी आई तिथं असती तर तिनं कदाचित हेच केलं असतं. पण आई नव्हती, आणि तो पट्टा मावशींनी रोज सोडला आणि बांधला.

सव्वा महिना झाल्यावर त्या मला घेऊन गेल्या. ओढ्याच्या काठाला थोडा उंचवटा होता, तिथं करंज. झाडाखाली दगडांचे तीन लहान ढीग. दोन जुने, गवतात अर्धे बुडालेले. एक नवा, त्यावर जनावरांनी उकरू नये म्हणून बोरीच्या काट्या रचलेल्या. मावशींनी तांब्यातलं थोडं दूध तिन्ही ठिकाणी ओतलं. मी म्हणाले, "आमच्याकडं लहान लेकराचं काही करत नाहीत म्हणतात."

"आमच्याकडं बी न्हाई करत," मावशी म्हणाल्या. "मी करती."

पुढं चार-पाच वर्षं ते आमचं दोघींचं ठरून गेलं. खाचराकडं जाताना वाटेवरच होतं ते. मावशी कधी दूध ठेवायच्या, कधी नव्या तांदळाचा भात. मी काही नेत नसे, नुसती बसायची. नवरा मात्र त्या दिवसानंतर एकदाही तिकडं गेला नाही. बाळाचा विषय निघाला की उठून पाणी प्यायला जायचा. मला वाटायचं, ह्याच्या मनातून ती गेली. पुरुषांचं बरं असतं, असंही मी एकदा मावशींना म्हणाले.

त्या वर्षांत गाव आमच्या डोळ्यांदेखत दुसरंच होत चाललं होतं. सुरुवातीला मोटारीतून माणसं यायची, बांधावर उभं राहून हातवारे करायची आणि निघून जायची. मग खाचरांच्या कोपऱ्यांत चुन्यानं रंगवलेले दगड आले. एकेका तुकड्याला पत्र्याचं कुंपण पडलं आणि त्यावर पोहण्याच्या तलावात हसणाऱ्या गोऱ्या बायकांची चित्रं लागली. रस्त्याला कंपन्यांच्या गाड्या एकामागं एक लागायला लागल्या. सकाळी आठला पलीकडं जायचं तर बराच वेळ थांबावं लागे. आमच्या आळीत आधी एक किराणा दुकान होतं, तिथं मोबाईलचं रिचार्ज, कुरिअर आणि चायनीजची गाडी आली. भाडेकरू वाढले. नांदेडचे, अकोल्याचे, जळगावचे, सगळे आमच्यासारखेच वळकटी घेऊन आलेले. विहिरीचं पाणी खाली गेलं आणि पाण्याच्या टँकरनं अंगणाच्या भिंतीचा कोपरा पाडला. गावातल्या लोकांनी जुनी घरं उतरवून बंगले बांधले. त्यांच्या दारात मोटारी आल्या, आणि गोठ्यातली जनावरं एकेक करून बाजारात गेली. मावशींच्या म्हशीही गेल्या. त्या दिवशी त्यांनी गोठा झाडून काढला, पाणी मारून धुतला आणि मग नुसत्याच दारात उभ्या राहिल्या.

दोन हजार चार साली मला मुलगा झाला. त्याच्या बारशाला परभणीहून आत्या आली. पाळण्याच्या एका बाजूला माझी आई होती, दुसऱ्या बाजूला मावशी.

जमीन विकायची बोलणी त्यानंतर दोन वर्षांनी झाली. ओढ्याकडची खाचरं बाबांच्या एकट्याची नव्हती, सगळ्या भावकीची होती. उताऱ्यावर चुलतभाऊ, त्यांची मुलं, नांदायला गेलेल्या बहिणी, सगळ्यांची नावं. सगळे तयार झाले. मावशींचा मुलगाही तयार झाला. त्याला शेती करायची नव्हती आणि ते मला चुकीचं वाटलं नाही. त्यानं कंपनीत भाड्यानं लावायला दोन गाड्या घ्यायचं ठरवलं होतं.

मावशी म्हणाल्या, "द्या. पर करंजाखालचा तेवढा तुकडा ठेवा."

मुलगा म्हणाला, "आई, अख्खा प्लॉट चाललाय. मधला तुकडा कसा ठिवणार? भावकीत एकट्याचं चालतंय का?"

खरेदी घ्यायला आलेल्या माणसाला मावशींनी स्वतः गाठलं आणि झाड दाखवलं. तो भला दिसत होता. म्हणाला, "काळजी करू नका आजी, तिथं आपण गार्डनच करणार आहोत." मावशींचा विश्वास बसला की नाही, कुणास ठाऊक. माझा बसला होता.

कुंपण पडायच्या आधी मी मावशींना म्हणाले, "आपण त्यांना तिथून हलवू या का? नदीत तरी सोडू."

मावशींनी माझ्याकडं अशा नजरेनं पाहिलं की मला वाटलं आता रागावतील. पण त्या हळूच म्हणाल्या, "निजलेल्या लेकराला उठवू नये, पोरी."

मग ते राहिलं.

कुंपण पडलं, दिवाळीनंतर काम सुरू झालं. एका सकाळी मावशी माझ्या दारात आल्या, "चल" म्हणाल्या. मुलाला कडेवर घेऊन मी निघाले. पत्र्याच्या फटीतून आत गेलो तर करंज आडवा झालेला. जेसीबी ओढ्याच्या बाजूनं माती ओढत होता, उंचवट्याकडं सरकत. मावशी सरळ मशीनसमोर जाऊन उभ्या राहिल्या. आरडाओरडा केला नाही. चालवणारा मध्यमवयीन माणूस होता, उत्तरेकडचा. त्यानं मशीन बंद केलं आणि खाली उतरला. "माताजी, हटिए, लग जाएगा."

मावशींना हिंदी येत नव्हती. त्यांनी जमिनीकडं बोट केलं, मग दोन्ही हात एकत्र आणून मूल धरल्यासारखे हलवले. तीन बोटं दाखवली. त्याला समजलं. मी सांगायच्या आत समजलं. त्यानं डोक्याचा रुमाल सोडला, चेहरा पुसला, आणि माझ्याकडं वळून म्हणाला, "दीदी, आज मैं इधर नहीं चलाऊँगा. कल का मेरे हाथ में नहीं है."

त्या दिवशी त्यानं खरंच पलीकडच्या बाजूला काम केलं. संध्याकाळपर्यंत मावशी तिथं उंचवट्यावर बसून होत्या. बाबा आले आणि त्यांना हाताला धरून घेऊन गेले. दुसऱ्या दिवशी मशीनवर दुसराच माणूस होता. आम्ही गेलो नाही. आवाज घरापर्यंत येत होता.

त्या आठवड्यात मी नवऱ्याशी धड बोलले नाही. त्याला काही वाटतच नाही, हे मला सहन होत नव्हतं. आणि महिन्याभरानं एका रविवारी तो चकचकीत कागदांची घडी घेऊन आला, माझ्यासमोर उघडली आणि एका इमारतीवर बोट ठेवलं. "इथं बुकिंग चालू झालंय. बँकेचं कर्ज मिळेल, मी विचारलंय."

मी चित्र पाहिलं. ओढा ओळखू येत होता, फक्त त्याला निळा रंग दिला होता.

"हे तेच आहे," मी म्हणाले.

"मला माहीत आहे. म्हणूनच म्हणतोय. तिच्याजवळ राहू."

तो तसाच कागदाकडं बघत बोलत होता. "त्या दिवशी बाबा म्हणाले, तुम्ही उतरू नका, मी ठेवतो. मीच उतरलो. खाली गार होतं. मला रोज वाटतं, मी तिला तिथं ठेवून आलो आणि एकदाही बघायला गेलो नाही. मला जाता येत नव्हतं गं. पाय वळत नव्हते."

सात वर्षांच्या संसारात मी त्याला पहिल्यांदा रडताना पाहिलं. मुलगा खेळणं टाकून आमच्याकडं बघायला लागला. मी त्याला जवळ घेतलं आणि नवऱ्याला म्हणाले, "मला नाही जमणार. तिथं फरशीवरून चालताना मला रोज वाटेल, पायाखाली आहे." त्यानं मान हलवली. कागद घडी करून ट्रंकेत ठेवला. पुन्हा तो विषय निघाला नाही, पण त्या दिवसापासून आम्ही तिच्याबद्दल बोलू लागलो. केस दाट होते, एवढंच बोलण्यासारखं होतं. तेच पुन्हा पुन्हा बोलायचो.

आम्ही घर घेतलं ते वाकडच्या बाजूला, चौथ्या मजल्यावर. मावशींच्या मुलानं खोल्या पाडून बंगला बांधायचं ठरवलं होतं, त्यामुळं आम्हाला तसंही निघावं लागणार होतं. निघताना मावशींनी तांदळाचं पोतं टेम्पोत चढवलं. त्यांच्या शेताचा तो शेवटचा तांदूळ. मी नको म्हणाले, तर म्हणाल्या, "घे. आता आमाला बी दुकानातनंच आनायचाय."

अंतर फार नव्हतं, पण वाहतुकीमुळं जायला तास-दीड तास लागायचा. जाणं कमी झालं. सणाला, कधी मुलाच्या वाढदिवसाला. प्रत्येक वेळी मावशी थोड्या वाळलेल्या दिसायच्या. बंगल्याला गुळगुळीत फरशी होती आणि त्यांना तिच्यावर बसवत नसे. त्या बाहेर पायरीवर बसायच्या. करायला काही नव्हतं. हात मांडीवर ठेवून बसलेल्या मावशी मी त्याआधी कधी पाहिल्या नव्हत्या.

एकदा त्यांनी मला सांगितलं, "मी तितं जाऊन आली."

इमारतींत लोक राहायला आले होते. मावशी दूध घेऊन मोठ्या फाटकाशी गेल्या. रखवालदारानं विचारलं, "कुणाकडं जायचंय?"

"म्हनलं, पोरांकडं जायचंय."

"मग?" मी विचारलं.

"मग म्हनला, फ्लॅट नंबर सांगा."

रखवालदार वाईट नव्हता म्हणाल्या, त्यानं त्यांना खुर्ची दिली, पाणी दिलं. वहीत नाव लिहिल्याशिवाय सोडता येत नाही म्हणाला. "कुनाचं नाव सांगू? तिगांतल्या एकाचं बी ठिवल्यालं न्हाई." त्या फाटकाबाहेरच एका झाडाच्या आळ्यात दूध ओतून परत आल्या.

दोन हजार नऊच्या हिवाळ्यात त्या आजारी पडल्या. पोटाचं दुखणं होतं, फार उशिरा कळलं. मी भेटायला गेले तेव्हा त्यांचा हात माझ्या हातात पालापाचोळ्यासारखा हलका लागला. त्यांना बोलवत नव्हतं. मी ज्वारीची भाकरी दुधात कुस्करून नेली होती. त्यांनी दोन घास घेतले आणि माझ्याकडं बघून तोंड वाकडं केलं. जाड, असं म्हणायचं होतं त्यांना. मला हसू आलं आणि त्यांनाही.

आठवड्यानं त्या गेल्या. दहाव्याला आम्ही तिघं गेलो. नदीकाठी विधी झाले, कावळा शिवला, लोक पांगले. बाबा नवऱ्याला म्हणाले, "मला जरा त्या बिल्डिंगीकडं न्या." त्यांचा मुलगा पाहुण्यांत होता, म्हणून आम्हीच नेलं. आमच्या ओळखीची एक बाई तिथं राहत होती. तिला फोन केला, नाव सांगितलं, आणि फाटक उघडलं.

आत सगळीकडं रंगीत फरशा होत्या. ओढा भिंतीपलीकडं पाइपात गेला होता. बाबा काठी टेकत चालले, मध्ये मध्ये थांबून इमारतींकडं मान वर करून पाहत होते. मुलांच्या घसरगुंडीपाशी ते थांबले. "हितं," म्हणाले. मग पाठीमागं वळून पाहिलं. "न्हाई. तितं आसंल." तिथं गाड्या लावायची जागा होती. ते तिकडं गेले, मग पुन्हा मागं आले. "ओढा दिसला आस्ता तर सांगितलं आस्तं. तिला बरूबर ठावं हुतं."

नवरा म्हणाला, "बाबा, राहू द्या."

"न्हाई न्हाई, सापडंल," असं म्हणत ते भिंतीच्या कडेकडेनं पुढं गेले. माझा नवरा त्यांच्या मागोमाग चालत राहिला, त्यांच्या कोपराखाली हात धरून. मी मुलाला घेऊन बाकावर बसले. त्यानं विचारलं, "आजोबांचं काय हरवलंय?" त्याला बहीण होती हे आम्ही त्याला तोवर सांगितलं नव्हतं. तिथं, त्या बाकावर, मी त्याला पहिल्यांदा सांगितलं. त्यानं तिचं नाव विचारलं. मी म्हणाले, ठेवलं नव्हतं. तो बाकावरून उतरला आणि बाबांना मदत करायला पळाला.

ऊन कलेपर्यंत ते तिघं तिथं फिरत होते. बाबा थकले तेव्हा आम्ही त्यांना बंगल्यावर सोडलं. स्वयंपाकघरात पाहुण्यांची भांडी पडली होती. मी चहा ठेवला. बाबा बाहेर पायरीवर बसले होते. मी त्यांना तिथंच कप नेऊन दिला.